मेण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन चढायच्या आत,
मी शिडी लावते आणि आजोबांचं तोंड धुते.
आधी कबुतरांनी केलेलं, मग हिवाळ्याने,
मग हेल्मेटच्या खोबणीत चिमणीने कोंबलेलं काढते:
गवत, दोरा, कुणाच्या तरी वाढदिवसाची रिबन.
खाली पाटीवर दोनशे बारा नावं आहेत.
आजोबांचं नाही.

ते गेलेच नव्हते.
डाव्या कानाने ठार बहिरे. भरतीच्या डॉक्टरने
मागे उभं राहून कानाशी घड्याळ धरलं,
विचारलं, ऐकू येतं?
आजोबा म्हणाले, काय?
एवढंच त्यांचं युद्ध.

मग बुटांच्या दुकानात नोकरी.
चोपन्न साली शिकागोहून शिल्पकार आला, बूट घ्यायलाच,
आणि गुडघ्यावर बसून नाड्या बांधणाऱ्या पोराला म्हणाला,
मान वर कर. ही हनुवटी मला हवी.
तासाला सव्वा डॉलर. भाड्याची रायफल.
लॅडी कुबिचेक सहा आठवडे दुकानाच्या गोदामात
पुढे झुकून उभा, जणू समोर काहीतरी आहे.
समोर खोक्यांची चळत होती. दहा नंबरचे, तपकिरी.

त्यानंतर दर स्मृतिदिनाला ते मागच्या रांगेत,
टोपी हातात, बंदुकांकडे बहिरा कान.
लोक पुतळ्याकडे बघत, मग त्यांच्याकडे,
मग जमिनीकडे.
एकदा मिलोची आई, मिसेस ह्रुस्का,
गर्दी कापत सरळ आली. सगळ्यांना वाटलं, थोबाडीत देणार.
तिने त्यांची कॉलर नीट केली.
म्हणाली, मान अगदी त्याच्यासारखी आहे तुझी,
आणि तिथे वर माझा हात पोचत नाही.
पुढे अकरा वर्षं
रविवारचं जेवण आजोबा तिच्याकडे जेवले.
काय बोलत असतील दोघं?
आजी म्हणायची, बोलतात कसले!
बटाट्याचे डम्पलिंग, आणि गप्प बसणं.

बाकावर कर्टिस असतो, सातपासून, कॉफी घेऊन.
तुझ्या आजोबांनी हनुवटीचा पट्टा लावलाय,
आम्ही कुणी लावायचो नाही, असं
दर मे महिन्यात सांगतो, दर वेळी नव्याने हसतो.
त्याच्या युद्धाचा दगड पलीकडे आहे, काळा, गुळगुळीत.
त्यात स्वतःचं तोंड दिसतं,
म्हणून तो त्याच्याकडे पाठ करून बसतो.

नव्या दगडापाशी रेनी उतरतसुद्धा नाही.
ट्रकमधून बघते, इंजिन चालू ठेवून.
तिच्या तुकडीतली दोन नावं तिथे आहेत. तिसरं नाही.
तिसरा घरी परत आला होता,
मग चौदा महिन्यांनी, गॅरेजमध्ये.
तो धरत नाहीत.

तो दगड अर्धा कोरा आहे.
मोठाच मागवला होता; पालिकेच्या कागदावर
लिहिलंय, 'पुढील गरजेसाठी राखीव'.
मी तोही भाग पुसते. माझ्या कामाच्या यादीत
'पूर्ण पृष्ठभाग' असं आहे.
वाऱ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही,
तरी फडका काळा होतो.

शेवटी मेण.
बर्नरने ब्राँझ तापवायचं, पाणी उडवलं की चर्र व्हायला हवं,
मग ब्रशने, गालांवर, ओठांच्या कडेला,
त्या पट्ट्याखाली, जिथे हिरवं धरतं.
शिल्पकाराने दोन्ही कान सारखेच केलेत.
मला माहीत आहे कोणता चालतो.
शिडी उचलून उजवीकडे लावते,
अगदी जवळ जाऊन सांगते, झालं हो,
फक्त हलू नका,
अजून ओलं आहे.